मजला विचारायचा राहिला

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट पेंगत ऐकण्यासारखी नाही. एका बाईची आहे. देवाने तिला दोन कान दिले आणि तिची भाकरीही त्या कानांतच ठेवली. एकवीस वर्षं ते कान इमानाने राबले, आणि एका दुपारी अर्ध्या मिनिटापुरते चुकले. सांगायचं ते सरळच सांगेन, आडवळण घेणार नाही. फक्त मध्ये कुणी बोलू नका. का ते तुमचं तुम्हालाच कळेल.

सकाळची फेरी आटोपून बाई घरी आली तेव्हा दाराच्या फटीतून आत सरकवलेला लांब पांढरा लिफाफा तिच्या पायाखाली आला. फेरी म्हणजे हजेरीची. आसपासच्या अकरा इमारतींमध्ये एकटी राहणारी म्हातारी माणसं होती, त्यांच्या दारांवर रोज सकाळी टकटक करायची, आतून आवाज आला की वहीत खूण करायची, आवाज नाही आला तर शेजारची किल्ली आणायची. सहा वर्षांपूर्वी बाईने एकटीने सुरू केलेलं हे काम आता तीस बायका-पुरुष करत होते, आणि तिला सगळे हजेरीबाई म्हणत. तिने चहा ठेवला, लिफाफा सुरीने कापला. आत गुळगुळीत कागदाचं पत्रक. वर मोठ्या अक्षरांत ‘विभागीय नेतृत्व अभ्यासवृत्ती’, खाली निवडलेल्या अठरा जणांचे फोटो आणि प्रत्येकाखाली ‘व्यावसायिक पार्श्वभूमी’ म्हणून दोन-तीन ओळी. माणूस आधी स्वतःलाच शोधतो, तसं तिने शोधलं. चौदावी. ‘आपत्कालीन सेवा व्यवस्थापनाचा एकवीस वर्षांचा अनुभव.’ ती मनाशी हसली. व्यवस्थापन कसलं, रुग्णवाहिका बोलावण्याचा जो नंबर असतो ना, तो तुम्ही फिरवलात की पलीकडून ‘बोला’ म्हणणारी ती. अर्ज लेकीने भरला होता. तेव्हा ती म्हणाली होती, “अगं, फोन उचलायचे असं सरळ लिही की.” लेक म्हणाली, “आई, तू गप्प बस. तिथे केस कापणारा स्वतःला काय काय म्हणवून घेतो, आणि तू फोन उचलायची होय? फोन तर मीही उचलते, मला कुणी नेता केलं का?”

मग तिने बाकीचे वाचले. निवृत्त सुईण. मालट्रकचा चालक. बहिऱ्या मुलांची शिक्षिका. दफनभूमीचा राखणदार, त्याचा फोटो सगळ्यांत हसरा. वेल्डर, ग्रंथपाल, गुरांचा डॉक्टर. माणसं आपापल्या कामाच्या कडेकडेने चालत कुठून कुठे पोचतात, याचं तिला कौतुक वाटत होतं. शिक्षिकेने म्हणे बस थांब्यांवर दिवे लावून घेतले होते, आणि सुईण जुन्या विहिरी उपसून घेत होती. सातव्या फोटोतला माणूस चाळिशीचा, केस विस्कटलेले, कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघणारा. ‘व्यवसायाने पाट्या रंगवणारे पेंटर. सात वर्षांपूर्वी दारावर क्रमांक नसल्यामुळे रुग्णवाहिकेच्या लोकांना घर सापडलं नाही, आणि वडिलांचं निधन झालं. तेव्हापासून शहरातल्या चार हजारांवर दारांवर स्वतःच्या हाताने क्रमांक रंगवले.’ खाली कोपऱ्यात एका लांबलचक इमारतीचा फोटो, जिन्याजवळच्या भिंतीवर निळे आकडे, आणि खाली इमारतीचं नाव. ती इमारत तिने डोळ्यांनी कधी बघितली नव्हती. पण तिचं नाव तिला पाठ होतं, जसं एखाद्याला आपल्याच अंगावरच्या व्रणाची लांबी माहीत असावी तसं.

चहा उतू गेला आणि गॅस विझला, त्याचा वास येईपर्यंत ती तशीच बसून होती. उजव्या कानावर ऊन पडल्यासारखं वाटत होतं. तिथे एकवीस वर्षं हेडफोनचा स्पंज दाबून बसलेला असायचा. नोकरी सोडली तरी घाबरल्यावर पहिल्यांदा तो कानच तापायचा. आणि आतून एक आवाज, बटण दाबल्याचा. टक. एवढासा. नखावर नख आपटल्याएवढा.

ती दुपार तिने इतक्यांदा उलगडली होती की घड्यांवर कागद फाटावा तशी ती ठिकठिकाणी विरली होती. बारा खुर्च्यांची खोली, मधे काच, काचेमागे साहेबांचं टेबल. फरशी पुसल्याचा उग्र वास. दोन वाजून सोळा मिनिटांनी त्या इमारतीतून पहिला फोन आला: तळमजल्यावरची बाई पायऱ्यांवरून घसरली, उठता येत नाही. तिने गाडी पाठवली. दोन वाजून वीसला दुसरा. आता त्या खोलीची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काही घडलं की एकाच ठिकाणाहून पाच-पाच, दहा-दहा लोक फोन करतात. प्रत्येक फोनला गाडी पाठवली तर दहा गाड्या जातील. म्हणून एकाच इमारतीतून दहा मिनिटांच्या आत दुसरा फोन आला की विचारपूस करून तो पहिल्यालाच जोडायचा. पडद्यावर आपोआप पिवळी चौकट यायची, ‘जोड?’ बटण दाबलं की जोडला. नवी गाडी नाही. विचारपुशीत तीन गोष्टी विचारायच्या: इमारत, मजला, कोणाला काय झालंय. नव्या मुलींना हे ती स्वतः शिकवायची. “मजला विसरलीस तर अर्धा माणूस विसरलीस,” असं म्हणायची.

फोनवर म्हातारा माणूस होता. श्वास तुटक, पण बोलणं सावकाश, जणू काही चुकून त्रास दिला असं. त्याने इमारतीचं नाव सांगितलं आणि पडद्यावर पिवळी चौकट उमटली. त्या क्षणी बाईला सगळं कळलं. म्हणजे कळल्यासारखं वाटलं. शेजारी पडलीय, म्हातारा घाबरलाय, दम लागलाय. तिने अशी शेकडो म्हातारी माणसं ऐकली होती. तो पुढे काहीतरी सांगत होता, ती मायेनेच मध्ये बोलली. “आजोबा, गाडी निघाली आहे. दार उघडं ठेवा, आणि बसून राहा.” तो म्हणाला, “बरं बाळ.” ती पंचेचाळीस वर्षांची होती. पुन्हा त्याने काहीतरी सुरू केलं, आणि तिने बटण दाबलं. टक.

गाडी चौदा मिनिटांत पोचली. तळमजल्यावरच्या बाईला उचललं, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला काचेच्या आत बोलावून ती ध्वनिफीत ऐकवली. एकदाच. तिसऱ्या मजल्यावर माणूस खुर्चीत सापडला होता, फोन हातात. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, तिला त्याच्यावर रागवता आलं असतं. तो कपाळ चोळत म्हणाला, “एकवीस वर्षं. लाखभर फोन घेतले असशील. एका मजल्यासाठी तुला घरी बसवू?” अहवालात लिहिलं गेलं: पथक इमारतीत पोचले, परंतु दारांवर क्रमांक नसल्याने घर शोधण्यात अडचण आली. तिने खाली सही केली. ध्वनिफिती तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जायच्या, तशी ती पुसली गेली. ती पुसली गेली त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला. मधे एकदा त्या म्हाताऱ्याचा मुलगा विचारायला आला होता. काचेतून तिला त्याची पाठ दिसली, आणि दाराच्या कडेवर ठेवलेला हात. साहेब त्याला हळू आवाजात समजावत होते. जाताना तो म्हणाला, “म्हणजे नंबर असता तर?” साहेब म्हणाले, “तर वेगळं झालं असतं.” आणि त्या एका वाक्यावरून तो माणूस उठला आणि सात वर्षं शिडी खांद्यावर घेऊन दारोदार फिरला.

लहानपणी तिची आई तिला कथा ऐकायला न्यायची. एक बुवा यायचे, गात गात गोष्ट सांगायचे. ताल चढवत न्यायचे आणि ऐन ठिकाणी हात वर करून थांबायचे, ओठावरचा शब्द ओठावरच. सभा श्वास रोखून बसायची. पोरीला मात्र दम निघायचा नाही. ती मोठ्याने पुढचा शब्द म्हणून टाकायची, बरोबर असायचा, लोक हसायचे. आई पाठीत हळूच धपाटा घालायची, “त्यांना पुरं करू दे की गं.” एकदा बुवा तिच्याकडे वळून म्हणाले, “बाळे, शब्द बरोबर सांगितलास. पण मी तो सांगणारच नव्हतो.” आणि त्यांनी खरंच दुसराच शब्द गायला, आणि गोष्ट कुठच्या कुठे गेली. तिला तेव्हा लाज वाटली होती ती लोकांच्या हसण्याची. आता या वयात, उतू गेलेल्या चहासमोर, तिला त्या बुवांचा वर केलेला हात दिसत होता. पाच बोटं, पसरलेली, थांब म्हणणारी. देव माणसाला आधी सांगून ठेवतो. आपण त्याचं बोलणं मधेच तोडतो.

हजेरीच्या बायका तिची चेष्टा करायच्या. कुठल्याही दारावर गेली की ती आधी विचारायची, “कोणता मजला?” आतली म्हातारी म्हणायची, “अगं बाई, माझ्या उंबऱ्यात उभी राहून मलाच मजला विचारतेस? चढताना झोपली होतीस का?” सगळ्या हसायच्या. तीही हसायची. पण उत्तर आल्याशिवाय वहीत खूण करायची नाही.

“मी कळवून टाकते, तब्येत बरी नाही म्हणून,” तिने संध्याकाळी लेकीला सांगितलं.

“का? काय झालं?”

“इतक्या शिकल्या-सवरलेल्यांत मी काय बोलू?”

“सुईण आहे, ट्रकवाला आहे, मढी पुरणारा आहे, आणि तुला शिकलेले दिसले? आई, खालच्या दुकानदाराने तुझा फोटो कापून काचेला लावलाय. आता नाही गेलीस तर मला त्या रस्त्याने जाता येणार नाही.” मग पत्रक उलटंपालटं करत लेक म्हणाली, “हा सातवा बघ. बिचारा. तुमच्याच खात्याचा मारलेला दिसतोय. भेटला की सॉरी म्हण त्याला.” ती हे सहज म्हणाली, आणि भाजी चिरायला निघून गेली.

पहिल्या बैठकीला अठरा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. शाळेची इमारत, तिसरा मजला. चढताना प्रत्येक जिन्यावर बाईचे गुडघे कुरकुरले आणि तिला वाटलं, हे बरोबरच आहे. बैठक चालवणारी बाई बारीक चणीची, उत्साही. म्हणाली, “पत्रकात छापलंय ते विसरा. तिथे आपण सगळेच फार मोठे झालोय. मला फक्त एवढं सांगा, तुमचे हात दिवसभर काय करायचे?” लोक मोकळे झाले. सुईणीने हवेतच एक डोकं झेलून दाखवलं. राखणदार म्हणाला, “माझे हात खड्डा खणतात, पण गिऱ्हाईक तक्रार करत नाही, हा फायदा.” हशा पिकला. मग पेंटरची पाळी आली. त्याने हात पुढे केले, नखांत निळा रंग. म्हणाला, “मी दुकानांच्या पाट्या करायचो. त्या दिवशी दोन वाजता वडिलांकडे जायचं ठरलं होतं. पाटीवरचं शेवटचं अक्षर ओलं होतं, धूळ बसेल म्हणून थांबलो. चार वाजले. दार सताड उघडं होतं. ते कधी दार उघडं टाकायचे नाहीत, चोरांची भीती. मला वाटलं, मी आलो का बघायला म्हणून उघडलं असेल.” त्याने नखावरचा रंग खरवडला. “तेव्हापासून नंबर काढतो. अक्षर ओलं ठेवून निघतो आता. सुकायला थांबत नाही.” कुणीतरी नाक ओढलं. तो एकदम बाईकडे वळला. “या ताई त्याच खात्यातल्या ना? ताई, तुम्हीच सांगा यांना. नंबर असला की फरक पडतो ना?”

सतरा चेहरे वळले. बाईचा उजवा कान पेटला. “पडतो,” ती म्हणाली. ते खोटं नव्हतं, आणि त्यापरतं खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. तिची पाळी आली तेव्हा तिने मांडीवरचे हात उलटे केले आणि म्हणाली, “माझे हात काही करत नव्हते. एक बटण दाबायचे.” लोकांना ती नम्रता वाटली.

जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात येऊन उभी राहिली. मागून तो आला, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. “ताई, हे तुमच्यासाठी. पत्ता विचारून घेतला होता कार्यालयात.” पत्र्याची लहानशी पाटी, निळ्यावर पांढरा आकडा, तिच्याच घराचा. आकड्याची वळणं इतकी स्वच्छ की बोट फिरवावंसं वाटावं. “म्हटलं, लोकांना गाड्या पाठवणारीच्या दाराला आपल्या हातचा नंबर हवा.”

रंगाचा वास नाकात गेला आणि तिला वाटलं, आता घेतली ही पाटी, तर मेल्यावरच सुटेल. तिने ती हातात धरली. मग म्हणाली, “दादा, दार शोधायला कुणी वर आलंच नव्हतं.”

“कुणाचं दार?”

“तुमच्या वडिलांचं. वर कुणी चढलंच नाही. कारण मी पाठवलं नाही. तो फोन मी घेतला होता.”

तो किंचित हसला, चुकीच्या माणसाला हाक मारल्यावर हसतात तसा. तिने सांगितलं. तळमजल्यावरची बाई, दोन वाजून वीस, पिवळी चौकट, मजला. एकेक गोष्ट, जशी नव्या मुलींना शिकवायची तशी, आवाज न चढवता. तो कठड्याला धरून एक पायरी खाली उतरला, मग तिथेच बसला.

“म्हणजे गाडी आली होती.”

“हो.”

“खाली उभी होती.”

“अकरा मिनिटं.”

“मग त्यांना भोंगा ऐकू आला असेल.” त्याने हे प्रश्नासारखं म्हटलं नाही. “आणि जातानाचाही.”

बाईने मान हलवली. खालच्या मजल्यावर कुणीतरी डबा उघडला, झाकण घरंगळत गेलं, कुणीतरी हसलं.

“दार?” तो म्हणाला.

“मी सांगितलं होतं, उघडं ठेवा म्हणून. त्यांनी ऐकलं.”

“म्हणजे उठले असतील. तसल्या अवस्थेत.” तो आपल्या नखांकडे बघत राहिला. सात वर्षं त्याला वाटत होतं की ते दार त्याच्यासाठी उघडलं होतं, आणि सात वर्षं तो त्याने भाजून निघत होता. आता तेही त्याच्याकडून कुणी काढून घेतलं होतं, आणि त्याच्या हातात काहीच राहिलं नव्हतं. “चार हजार दारं,” तो म्हणाला. मग त्याने वर बघितलं. “शेवटी ते काय म्हणत होते? तुम्ही बटण दाबलंत तेव्हा?”

इथे, ऐकणाऱ्यांनो, बाईच्या जिभेवर शब्द येऊन उभे राहिले. चांगले शब्द, मायेचे. पोराची काळजी करू नका म्हणाले. शांत होते. तुमच्यावर राग नव्हता. एक वाक्य पुरं केलं असतं तर समोरचा माणूस उठून उभा राहिला असता, कदाचित तिचे हातही धरले असते. तिला आयुष्यभर पुढचा शब्द येत आला होता. तिला बुवांचा हात दिसला, वर धरलेला.

“‘माझा मुलगा येणार आहे, तो’,” ती म्हणाली.

तो थांबला. “तो काय?”

“एवढंच. पुढे मी बोलू दिलं नाही.”

“पण तो काय? काहीतरी असेल. सुरात कळलं असेल तुम्हाला. इतके फोन घेतलेत.”

“नाही कळलं.”

“अंदाजाने सांगा.”

“नाही सांगणार दादा,” बाई म्हणाली. “अंदाजानेच गेले ते.”

तो उठला. तिच्या हातातली पाटी परत घेतली नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. उतरत गेला, ती कानांनी त्याच्याबरोबर उतरली, दुसरा मजला, पहिला, तळ, मग दाराचा आवाज. वर कुणीतरी टाळ्या वाजवून सगळ्यांना आत बोलावत होतं. बाईही परत आत गेली नाही, त्या दुपारी गोलात सोळाच माणसं बसली. बाईने नंतर अभ्यासवृत्तीच्या कार्यालयाला पत्र लिहून सगळं कळवलं, खात्यालाही. खात्याने उत्तर दिलं की तीन महिन्यांपलीकडच्या नोंदी उपलब्ध नाहीत. लेक काही दिवस तिच्याशी बोलली नाही, मग कामापुरतं बोलू लागली. दुकानदाराने काचेवरचा फोटो काढला, गोंदाचे चार डाग राहिले. पेंटर पुन्हा कुठे दिसला नाही. एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यापर्यंत निळे आकडे आहेत. तिसऱ्यावर दारांवर पेन्सिलीच्या रेघा तेवढ्या आखलेल्या आहेत. हजेरी अजून चालते. बाईबरोबर आता तिघीच येतात, आणि फेरीला दुपार होते, कारण कुठल्या म्हाताऱ्याने बोलायला सुरुवात केली की तो गप्प होईपर्यंत, आणि त्यानंतरही थोडा वेळ, ती उंबऱ्यात उभी राहते. पाटी तिने दाराला लावलेली नाही. कपाटात आहे, आकडा भिंतीकडे करून.

आता उठा, तुमची कामं असतील. मी बाईसाठी काही मागत नाही, तिचं तिने आणि देवाने बघावं. पेंटरसाठीही नाही. पण त्या तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा. दाराजवळ ओढून आणलेल्या खुर्चीत तो बसलाय, सांगितल्याप्रमाणे दार उघडं ठेवून, आणि खालून भोंगा दूर जातोय. त्याचं वाक्य जसं आहे तसंच मनात ठेवा, ‘माझा मुलगा येणार आहे, तो’. पुढचा शब्द तुम्हाला सुचेल. सुचला तरी म्हणू नका.